घोडा-प्याद्यांच्या एंडगेमचे विश्लेषण: आधी घोडे उचला, इंजिन शेवटी

सांगली-मिरजेकडच्या बुद्धिबळ स्पर्धांत फेरी संपली की हॉलबाहेर एक गोष्ट हमखास दिसते. हातातला डाव बरोबरीत सोडून आलेला मुलगा मोबाइलवर खेळ्या भरतो, इंजिनचा, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रामचा, चांगली खेळी दाखवणारा बाण बघतो, 'इथे घोडा एफ५ होता' म्हणतो आणि मोबाइल खिशात टाकतो. पालकांचेही समाधान होते, चूक सापडली म्हणून. पुढच्या महिन्यात कराडला किंवा इचलकरंजीला तशीच स्थिती येते आणि पुन्हा अर्धा गुण जातो.

मुलगा कष्टात कमी पडत नाही, क्रम चुकतो. घोडा-प्याद्यांच्या एंडगेममध्ये (डावाच्या शेवटच्या, थोडीच मोहरी उरलेल्या भागात) एखादे मोहरे एका घराने सरकले तरी निकाल पालटतो, त्यामुळे एका डावातले उत्तर पाठ करून दुसऱ्या डावात उपयोग होत नाही. उपयोगी पडतात ते प्रश्न आणि ते कोणत्या क्रमाने विचारायचे हे. खाली तोच क्रम दिला आहे. साधारण १२०० रेटिंगच्या पुढचा, खेळ्या नीट लिहिणारा खेळाडू गृहीत धरला आहे. घरांची नावे नेहमीचीच: उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८. खेळीपुढे ! म्हणजे चांगली खेळी, ? म्हणजे शंकास्पद.

## बसण्यापूर्वी

चार वस्तू लागतात: स्कोअरशीटची (डावातल्या खेळ्या लिहायच्या कागदाची) प्रत, कडेला अक्षरे आणि आकडे छापलेला पट, वही आणि दोन रंगांची पेने. निळ्या पेनाने तुमचे स्वतःचे विश्लेषण, लाल पेनाने नंतर इंजिनने दाखवलेले. हे दोन रंग शेवटपर्यंत वेगळे ठेवा. महिन्याभराने वही उघडल्यावर तुम्हाला काय दिसले होते आणि काय सुटले होते हे त्यावरूनच कळते.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. सलग दीड-दोन तास मिळणार नसतील तर सुरूच करू नका.

दिवसाला दोन फेऱ्या असतील तर मधल्या वेळेत हे काम मुळीच करायचे नाही. तेव्हा जेवा, थोडे पडा. फक्त प्रतीच्या मागे तीन ओळी लिहून ठेवा: डाव कुठे जिंकतो असे वाटले, कुठे भीती वाटली, आणि कोणती खेळी विचार करूनही सोडून दिली. ही आठवण दुसऱ्या दिवशी राहत नाही आणि ती कुठलेही इंजिन परत देऊ शकत नाही.

इशारा: डाव चालू असताना स्कोअरशीटवर फक्त खेळ्या, घड्याळातली वेळ, बरोबरीचा प्रस्ताव, दावा अशाच नोंदी चालतात. टिपण काढणे किंवा खेळी आधी लिहून मग खेळणे फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमात बसत नाही. बरोबरीचा दावा करताना खेळी आधी लिहावी लागते तेवढाच अपवाद. वेळ लिहायला मात्र परवानगी आहे. चाळिसाव्या खेळीनंतर प्रत्येक खेळीला उरलेली वेळ लिहायची सवय लावा. विश्लेषणात ती फार कामाला येते.

## टप्पा १: स्थिती खरी आहे का

एंडगेमपर्यंत येईतो अक्षर बिघडलेले असते. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरली आणि खेळीमागे ३० सेकंद मिळत नसतील, तर लिहिण्याचे बंधनही नसते, म्हणून मधल्या चार-सहा खेळ्या गायब असतात. पहिल्या खेळीपासून डाव पटावर मांडा. जिथे घोड्याची उडी बसत नाही तिथे थांबा, अंदाजाने पुढे जाऊ नका. प्रतिस्पर्ध्याला विचारा. सांगली, मिरज, तासगाव, कोल्हापूरचे खेळाडू एकमेकांना ओळखतात. एका फोनवर काम होते.

तपासणी: शेवटची स्थिती प्रतिस्पर्ध्याच्या आठवणीशी जुळली का? खेळी कोणाची होती? या एंडगेममध्ये दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. का, ते टप्पा ५ मध्ये येईल.

## टप्पा २: सुरुवात कुठून करायची

बहुतेक जण जिथे डाव हातातून गेला त्या खेळीपासून बघतात. तिथून नको. शेवटची मोठी मारामारी, म्हणजे हत्ती किंवा उंट पटावरून गेले ती खेळी शोधा आणि तिच्या एक खेळी आधीची स्थिती मांडा. पहिला प्रश्न असा की या एंडगेममध्ये यायलाच हवे होते का?

इथे एक ठोकताळा लक्षात ठेवा. सगळी प्यादी एकाच बाजूला आणि चार विरुद्ध तीन असतील, तर हत्तींच्या एंडगेममध्ये बहुधा बरोबरी होते; घोड्यांच्या एंडगेममध्ये मात्र चार प्यादीवाल्याला जिंकण्याची खूप चांगली संधी असते. म्हणजे एक प्यादे कमी असताना 'हत्ती मारून टाकू, डाव सोपा होईल' हा विचार उलटा पडतो. आपल्याकडच्या मुलांच्या डावांत हे फार दिसते.

## टप्पा ३: दोन्ही घोडे पटावरून उचला

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा हा आहे. घोड्यांचा एंडगेम हा प्याद्यांच्या एंडगेमसारखाच समजावा, हे माजी विश्वविजेते मिखाईल बोट्विनिक यांचे मत बुद्धिबळात सर्वांना माहीत आहे. विश्लेषणात त्याचा अर्थ असा: घोड्यांच्या पहिल्या खेळीचा विचार करण्यापूर्वी घोडे गेले तर काय होते याची यादी तयार हवी. ही यादी नसेल तर समोरच्याने घोडा भिडवला की तुम्ही घाबरून मागे जाता, किंवा आनंदाने मारामारी करून जिंकलेला डाव सोडता.

प्रत्यक्ष मांडून बघा.

पांढरा: राजा ई५, घोडा सी६, प्यादे ई४.
काळा: राजा एफ७, घोडा ई७.
खेळी पांढऱ्याची.

पांढऱ्याला एक प्यादे जास्त, राजा पुढे. घोडा मारून टाकावा असे वाटते: घोडा ई७ वर मारतो, काळा राजा ई७ वर मारतो. आता पांढरा राजा ई५ वर, काळा राजा ई७ वर, मधे एक घर, आणि खेळी पांढऱ्याची. ही बरोबरी आहे. राजा डी५ गेला तर काळा डी७. मग प्यादे ई५, राजा ई७, प्यादे ई६, राजा ई८, राजा डी६, राजा डी८, प्यादे ई७ शह, राजा ई८, आणि राजा ई६ खेळल्यावर स्टेलमेट (शह नाही, पण काळ्याला खेळीही नाही, म्हणून बरोबरी). हीच स्थिती, पण खेळी काळ्याची असती, तर पांढरा जिंकतो: काळा राजा डी७ ला सरकला की पांढरा राजा एफ६ वर शिरतो.

आता दोन बदल करून बघा. पांढरे प्यादे ई४ ऐवजी ई३ वर असेल, तर त्याच मारामारीनंतर पांढरा ई४ ही राखीव खेळी खेळतो, पाळी काळ्यावर जाते आणि डाव जिंकतो. दुसरा बदल: पांढरा राजा ई६ वर, प्यादे ई५ वर आणि काळा राजा ई८ वर असेल, तर खेळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो.

यातून एक सवय लागायला हवी: घोड्यांच्या एंडगेममध्ये प्यादे उगाच पुढे ढकलायचे नाही. आज ढकललेले प्यादे म्हणजे पुढे लागणारी राखीव खेळी आजच खर्च केली. मुले घड्याळाकडे बघत 'काहीतरी खेळायचे' म्हणून प्यादे सरकवतात. नेमकी तीच खेळी पंधरा खेळ्यांनंतर कमी पडते.

वहीत या टप्प्यात दोन रकाने करा. डावीकडे 'घोडे गेले तर जिंकतो', उजवीकडे 'घोडे गेले तर बरोबरी किंवा हार'. प्रत्येक रकान्यात राजे कुठल्या घरांवर, प्यादी कुठल्या घरांवर आणि खेळी कोणाची, एवढेच लिहा. चार-पाच स्थिती पुरतात.

नेहमीची चूक: घोड्याची मारामारी झाल्यावर शेवटी कोणाचे मोहरे मारायला आले हे न मोजणे. घोड्याने घोडा मारला आणि राजाने परत मारले, की पाळी पहिल्या मारणाऱ्याची. दुसऱ्या बाजूने घोडा मारला आणि तुमच्या राजाने परत घेतला, की पाळी समोरच्याची. स्थिती दिसायला सारखी, निकाल वेगळा.

तपासणी: कडेचे प्यादे, म्हणजे ए किंवा एच पट्टीवरचे, एकटेच उरणार असेल तर बचाव करणारा राजा कोपऱ्यात पोचतो का? पोचत असेल तर घोडे मारू नका. ते प्यादे जिंकून देणार नाही.

## टप्पा ४: प्यादी मोजा

हे पटकन उरकते. मोकळे प्यादे (ज्याच्या वाटेत समोरचे प्यादे अडवायला नाही असे) कोणाचे, ते राजांपासून किती लांब, आणि दोन्ही बाजूंना प्यादी आहेत का? घोड्याचा पल्ला लहान असतो, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाताना त्याला बऱ्याच खेळ्या लागतात. म्हणून लांबचे मोकळे प्यादे घोड्यांच्या एंडगेममध्ये फार मोठे हत्यार आहे. समोरचा घोडा त्याला अडवायला बांधला जातो आणि दुसऱ्या बाजूला तुमचा राजा मोकळा फिरतो. असे प्यादे तुमच्याकडे असेल तर वहीत त्याखाली रेघ ओढा. समोरच्याकडे असेल तर दोन रेघा.

## टप्पा ५: घोड्याचा रंग आणि अंतर

घोडा प्रत्येक खेळीला घराचा रंग बदलतो. पांढऱ्या घरावरून निघून पांढऱ्याच घरावर यायला सम खेळ्या लागतात, काळ्या घरावर यायला विषम. यातून सुटका नाही. राजा एक खेळी वाया घालवून त्याच घरावर येऊ शकतो, घोड्याला ते जमत नाही. टप्पा १ मध्ये 'खेळी कोणाची' हे एवढे ठासून लिहिले त्याचे कारण हेच.

सर्वांत स्वच्छ उदाहरण हे. पांढरा राजा ए८ वर, स्वतःच्या ए७ वरच्या प्याद्यामागे अडकलेला. काळा राजा सी७ आणि सी८ या दोन घरांतच ये-जा करतो. पांढऱ्याचा घोडा मोकळा आहे, काळ्याकडे राजाशिवाय काही नाही. खेळी पांढऱ्याची. काळा राजा ज्या रंगाच्या घरावर उभा आहे, त्याच रंगाच्या घरावर पांढरा घोडा असेल तर बरोबरी, कितीही फिरवला तरी. वेगळ्या रंगावर असेल तर पांढरा जिंकतो. उदाहरणार्थ राजा सी७ वर असताना घोडा ई७ ला येऊन सी८ घर धरतो, राजाला सी पट्टी सोडावी लागते आणि पांढरा राजा बाहेर पडतो. एकही खेळी न मोजता, नुसता रंग बघून निकाल सांगता येतो. मुलांनी ही स्थिती पटावर मांडून दोन्ही प्रकारे फिरवून बघावी. दहा मिनिटांत जे कळते ते वाचून कळत नाही.

अंतराचे आकडे तोंडपाठ हवेत:

- अगदी शेजारच्या घरावर (उदा. ई४ वरून ई५): ३ खेळ्या.
- तिरप्या शेजारच्या घरावर: २ खेळ्या. घोडा कोपऱ्यात असेल तर मात्र ४.
- सरळ दोन घरे पुढे (ई४ वरून ई६): २ खेळ्या.
- तिरपी दोन घरे (सी३ वरून ई५): ४ खेळ्या.

शेवटचा आकडा सोन्याचा आहे. समोरच्या घोड्यापासून तिरपी दोन घरे अंतरावर तुमचा राजा उभा असेल, तर तो घोडा पुढच्या दोन खेळ्यांत शह देऊच शकत नाही. सरळ दोन घरांवर उभा असाल तर लगेच शह बसतो. राजा चालवताना थांबायची घरे यावरून निवडा.

कडेच्या प्याद्याची वेगळी नोंद करा. एकटा घोडा, त्याचा राजा लांब, समोर पांढरा राजा जी७ वर आणि प्यादे एच६ वर. काळा घोडा एच७ वर, खेळी काळ्याची. घोडा वाचतो आणि डावही वाचतो: घोडा जी५, राजा जी६, घोडा ई६! आता प्यादे एच७ गेले तर घोडा एफ८ शह आणि प्यादे पडते. राजा एफ६ आला तर घोडा एफ८, राजा एफ७, घोडा एच७, आणि फेरा पुन्हा सुरू. एच७, जी५, ई६, एफ८ ही चार घरे लिहून ठेवा. पण प्यादे आधीच एच७ वर पोचलेले असेल आणि घोडा एच८ च्या कोपऱ्यात, तर पांढरा राजा जी७ ला येतो आणि घोडा जातो. सहाव्या आणि सातव्या रांगेतला हा फरक कडेच्या प्याद्यापुरताच आहे. आतल्या पट्टीवरचे प्यादे सातव्या रांगेत असले तरी समोर उभा असलेला घोडा ते धरून ठेवू शकतो.

## टप्पा ६: आता खेळ्या मोजा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी फोर्क शोधा

इथपर्यंत चाळीस-पन्नास मिनिटे गेलेली असतील. आता घोडे परत पटावर ठेवा. प्रत्येक स्थितीत दोन किंवा तीनच खेळ्या निवडा, त्याहून जास्त नको. या क्रमाने: आधी शह, मग समोरच्या घोड्याला भिडणाऱ्या खेळ्या, मग राजाच्या खेळ्या, सर्वांत शेवटी प्याद्याच्या.

एक स्थिती पूर्ण करून दाखवतो, कारण यात घोड्यांच्या एंडगेमचा सगळा काटेरीपणा आहे.

पांढरा: राजा एच७, घोडा ई३, प्यादे जी७.
काळा: राजा डी७, घोडा ई७.
खेळी पांढऱ्याची.

प्यादे जी८ वर गेले की काळा घोडा ते मारतो, राजा घोडा मारतो आणि हातात फक्त घोडा उरतो. बरोबरी. म्हणजे काळ्या घोड्याला ई७ वरून हटवायला हवे. पांढरा घोडा त्याला दोन घरांवरून भिडू शकतो: डी५ आणि एफ५. काळ्याने घोडा खाल्ला तर प्यादे वजीर होणार. दोन्ही खेळ्या सारख्याच वाटतात, आणि डी५ पटाच्या मध्यावर म्हणून बहुतेकांचा हात तिकडे जातो.

घोडा डी५? काळा घोडा डी५ वर मारतो. प्यादे जी८, वजीर. आणि आता घोडा एफ६ शह! एच७ वरचा राजा आणि जी८ वरचा वजीर एकाच वेळी घोड्याच्या तोंडात; यालाच फोर्क म्हणतात. वजीर जातो, डाव बरोबरीत.

घोडा एफ५! इथून काळ्या घोड्याला एफ६ गाठता येत नाही. घोड्याने एफ५ वर मारले तर प्यादे वजीर होते आणि वजीर विरुद्ध घोडा हा जिंकणारा एंडगेम आहे. काळा राजा ई६ ला आला तर घोडा ई७ वर मारतो, राजा परत मारतो, प्यादे वजीर. घोडा जी८ वर मधे आला तर राजा त्याला मारतो आणि पुढे प्यादे थांबत नाही.

बरेच जण इथे पेन खाली ठेवतात. अजून एक खेळी आहे, तीच खरी. काळा खेळतो घोडा डी५! स्वतःहून बाजूला. जी८ मोकळे झाले, वजीर करायचा का? नाही. जी८ वर वजीर केला की पुन्हा घोडा एफ६ शह, पुन्हा तोच फोर्क, पुन्हा बरोबरी. योग्य खेळी राजा जी६! आहे. आता एफ६ घर राजाच्या ताब्यात. काळा घोडा ई७ ला शह देत आला तर एफ५ वरचा घोडा त्याला मारतो, राजाने परत मारले की प्यादे वजीर. घोडा एफ४ वरून शह दिला तर राजा एफ७, आणि प्याद्याला अडवायला कोणी उरत नाही. राजा ई६ ला आला तर प्यादे जी८ वर वजीर होते, तेही शहासकट.

दोन्ही ओळींत, म्हणजे खेळ्यांच्या दोन्ही क्रमांत, फोर्कचे घर एकच, एफ६. म्हणून मोजणी सुरू करण्यापूर्वी वहीत हे लिहायला हवे होते: 'माझा राजा एच७ वर आणि वजीर जी८ वर असताना दोन्हींवर घाव घालणारे घर कोणते?' उत्तर एकच, एफ६. मग विचारायचे, काळा घोडा तिथे किती खेळ्यांत पोचतो. हा प्रश्न आधी विचारला की डी५ ही खेळी मोजायचीसुद्धा गरज पडत नाही आणि राजा जी६ आपोआप सुचते.

तपासणी: प्रत्येक ओळ 'प्यादे वजीर झाले' इथे संपवू नका. त्यापुढे समोरच्याची एक खेळी नक्की बघा. घोडा पटावर असेपर्यंत वजीर झाल्यानंतरची पहिली खेळी हीच सर्वांत धोक्याची.

नेहमीची चूक: समोरचा आपला घोडा खाईलच असे गृहीत धरणे. वरच्या उदाहरणात काळ्याचा सर्वांत चांगला बचाव घोडा न खाण्यात होता. प्रत्येक बळी देणाऱ्या खेळीनंतर 'त्याने घेतलेच नाही तर?' ही ओळ वेगळी लिहा.

## टप्पा ७: निकाल लिहून सही करा

निळ्या पेनाने एक वाक्य: 'ही स्थिती पांढरा जिंकतो, कारण…' किंवा 'ही बरोबरी आहे, कारण…'. 'बरी वाटते', 'पांढरा चांगला' असले काही चालणार नाही. कारण लिहिता येत नसेल तर टप्पा ३ कडे परत जा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच राहून गेलेले असते. खाली तारीख आणि सही. लहान मुलांकडून सही जरूर करून घ्यावी. नंतर इंजिन बघून 'मला हे माहीत होते' असे म्हणायची वाट बंद होते.

## टप्पा ८: इंजिन आणि टेबलबेस

आता मोबाइल किंवा लॅपटॉप आणा. आधी मोहरी मोजा, दोन्ही राजे धरून. सात किंवा कमी असतील तर साधे इंजिन नको, टेबलबेस (थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले पक्के निकाल) वापरा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर सात मोहऱ्यांपर्यंतचे टेबलबेस मोफत बघता येते. दोन राजे आणि दोन घोडे धरले की तीन प्यादी उरतात, म्हणजे बऱ्याच डावांचा शेवट यात बसतो. टेबलबेस अंदाज सांगत नाही. जिंकते, बरोबरी, हरते यांपैकी एक सांगते आणि ते पक्के असते. टप्पा ६ मधली स्थिती पाच मोहऱ्यांची आहे, ती स्वतः भरून प्रत्येक खेळीसमोरचा निकाल बघा.

मोहरी सातपेक्षा जास्त असतील तर स्टॉकफिश हे इंजिन चालवा, पण बाण बंद ठेवून. स्वतःची निळी ओळ एकेक खेळी भरत जा. इंजिनचे मत जिथे तुमच्यापासून फुटते तिथे थांबा आणि इंजिनची बाजू तुम्ही घेऊन, पटावर, दहा मिनिटे पुन्हा शोधा. मगच बाण चालू करा.

इशारा: इंजिन ०.८ किंवा १.२ असा आकडा दाखवते तेव्हा डाव जिंकलेला आहे असे समजू नका. घोड्यांच्या एंडगेममध्ये इंजिन बराच वेळ एक प्यादे जास्त असल्याचे दाखवत राहते आणि स्थिती बरोबरीची असू शकते. त्या ओळीच्या शेवटी घोडे गेल्यावर काय उरते ते बघा, आणि टप्पा ३ मधल्या तुमच्या रकान्यांशी ताडून पाहा.

प्रत्येक चुकीसमोर लाल पेनाने तिचे कारण लिहा: प्याद्यांचा एंडगेम चुकला, फोर्क सुटला, रंग किंवा पाळी चुकली, प्यादे घाईने ढकलले, की वेळ कमी होती. शेवटच्या कारणासाठी डावात लिहिलेल्या वेळा बघा. घड्याळात आठ मिनिटे असताना झालेल्या चुकीला 'वेळ नव्हता' म्हणू देऊ नका. सात-आठ डावांनंतर एकच कारण पुन्हा पुन्हा दिसू लागते आणि पुढचा सराव कशाचा करायचा हे प्रशिक्षकालाही त्यावरून ठरवता येते.

## टप्पा ९: घड्याळ लावून खेळा

विश्लेषण वहीत राहिले तर स्पर्धेत हाताला येत नाही. गंभीर वळणाची स्थिती मांडा आणि जोडीदाराबरोबर दोन्ही बाजूंनी खेळा: प्रत्येकी १० मिनिटे, खेळीमागे ३० सेकंद. सांगलीत जोडीदाराची अडचण यायला नको. नूतन बुद्धिबळ मंडळासारखी जुनी संस्था गावात आहे, आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या नावाने होणाऱ्या स्पर्धांमुळे उन्हाळ्यात बाहेरगावचे खेळाडूही इथे असतात. जोडीदाराला उत्तर आधी सांगू नका. बचाव करणाऱ्या बाजूने खेळताना जास्त शिकायला मिळते, कारण तेव्हा काळ्याच्या घोडा डी५ सारख्या खेळ्या स्वतः शोधाव्या लागतात.

जिंकायची स्थिती तीन वेळा जिंकता आली नाही तर टप्पा ६ पुन्हा करा.

## स्पर्धेत, खेळीमागे तीस सेकंद असताना

बोर्डावर नऊ टप्पे करायला वेळ नसतो. तीनच प्रश्न, याच क्रमाने: आत्ता घोडे गेले तर काय? माझ्या राजावर आणि नव्या वजिरावर एकत्र घाव घालणारे घर कोणते? ही प्याद्याची खेळी नंतर राखून ठेवता येईल का? समोरच्याची खेळी चालू असताना पहिला प्रश्न सोडवून ठेवा. तो स्थिर असतो, प्रत्येक खेळीला बदलत नाही.

बचाव करत असाल तर स्कोअरशीट नीट लिहीत राहा. तीच स्थिती, खेळी त्याच बाजूची असताना, तिसऱ्यांदा येणार असेल तर आधी खेळी स्कोअरशीटवर लिहायची, ती पटावर खेळायची नाही, घड्याळ थांबवायचे आणि आर्बिटरना (पंचांना) सांगायचे. एकही प्यादे न हलता आणि काही न मारता दोन्ही बाजूंच्या ५० खेळ्या झाल्या तरी दावा करता येतो. घोडा फेऱ्या मारत असताना हा मोजणीचा कागद व्यवस्थित असेल तर आर्बिटर दोन मिनिटांत निर्णय देतात. खेळ्या अर्धवट लिहिलेल्या असतील तर दावा सिद्ध करणे तुमच्यावर येते आणि घड्याळात तेवढी वेळ नसते.